जाकादेवीच्या अलीकडे आलेली हाक

आप्पा,

तुम्हाला माहीत नव्हतं. गेल्या गुरुवारी मला हे कळलं आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. दोनदा दूध उतू गेलं. काल तर गॅस पेटवला, पातेलं ठेवायचंच विसरले आणि नुसती ज्योतीकडे बघत उभी राहिले. आमचे हे म्हणाले, "अगं, बरं वाटत नाही का?" काय सांगू त्यांना? इतक्या वर्षांच्या संसारात जे कधी तोंडातून काढलं नाही ते आता चहाच्या कपाबरोबर कसं काढू? म्हणून तुम्हाला लिहायला बसलेय. तुम्हाला जाऊनही आता तीसएक वर्षं झाली. हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही ते मला कळतं, मी काही खुळी झालेली नाही. पण जे तुम्हाला सांगायचं होतं ते दुसऱ्या कोणाला सांगून काय डोंबल उपयोग?

तर आधीच सांगून टाकते. त्या रात्री जाकादेवी गावाच्या अलीकडे तुम्ही सायकलवरून रस्त्याच्या मोरीखाली पडलात आणि मला हाक मारलीत. ती मला ऐकू आली होती. मी थांबले नाही. आणि नंतर सगळ्यांनी विचारलं तेव्हा काहीच ऐकलं नाही असं सांगितलं. आजवर मी धरून चालले होते की तुम्हाला हे ठाऊक आहे. सगळं समजून उमजून तुम्ही गप्प राहिलात, लेकीला पदरात घेतलंत. त्या माफीवर मी माझं सगळं आयुष्य काढलं, आप्पा. आणि आता तुमच्या वर्कशॉपातले चाचा म्हणतात की तसं काही नव्हतंच! तुम्ही मला माफ केलंच नव्हतंत, कारण माफ करण्यासारखं काही झालंय याचा तुम्हाला पत्ताच नव्हता.

माझं मलाच नीट लावून बघायला हवं, म्हणून पहिल्यापासून लिहिते. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतलं तुमचं वर्कशॉप. तुम्ही लेथवरचे टर्नर, चाचा वेल्डर, बाकी फिटर आणि हेल्पर, अशी तुमची आठ जणांची टोळी. दर वर्षी पौषातल्या संकष्टीला तुम्ही रात्री सायकलींनी गणपतीपुळ्याला जायचात. चंद्र उगवला की उपास सोडायचा, जेवायचं आणि चांदण्यात निघायचं, ते पहाटे समुद्रावर उजाडायच्या आत पोचायचं. चाचांचा काही उपास नसायचा, पण तेही आमच्या अंगणात सगळ्यांबरोबर आभाळाकडे बघत उपाशी बसायचे. आई म्हणायची, "अहो, तुम्ही तरी जेवून घ्या." तर म्हणायचे, "वहिनी, चंद्राची वाट बघायची सवय आम्हाला तुमच्यापेक्षा जास्त आहे." दर वर्षी हेच बोलायचे आणि दर वर्षी तुम्ही पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसायचात.

त्या वर्षी मी अकरावीत होते. तुम्ही मला सायकल करून दिली होतीत. दिली म्हणजे खरोखर 'करून' दिली होतीत. भंगारातून लेडीज सायकलीचा सांगाडा आणून, चाकांचे आस स्वतः लेथवर काढून, वर हिरवा रंग मारून. आणि पुढे ही एवढी पितळी घंटी, जिच्या आवाजानं गल्लीतली कुत्री उठायची. मला त्या घंटीची लाज वाटायची, कारण दुसऱ्या कोणत्या मुलीच्या सायकलीला तसली घंटी नव्हती. पण सायकल माझा जीव की प्राण होती. सड्यावरच्या कातळावर तुमच्या मोठ्या सायकलीच्या नळीखालून पाय घालून मी शिकलेली, गुडघे कितीदा फोडून घेतलेले. आता स्वतःच्या सायकलीवर मी कुठंही जाऊ शकत होते. मी हट्टच धरला, मला या वर्षी पुळ्याला न्या. आई चुलीपुढून कडाडली, "पोरीची जात, रात्रभर आठ पुरुषांबरोबर जायची?" तुम्ही पाटावर बसून नारळ सोलत होतात. मान वर न करता म्हणालात, "आठ पुरुष कसले? सात काका आणि एक बापूस." आईच्या आमटीत त्या दिवशी मीठ जास्त पडलं.

निघायच्या आधी अंगणात तुम्ही सगळ्यांना नियम सांगितलेत. ते दर वर्षीचे होते, पण मी नवीन, म्हणून पुन्हा सांगितलेत. धाकटा फिटर सगळ्यांत पुढं, कारण त्याच्या सायकलीला चांगला डायनामो होता. चाचा माझ्या पुढं, मी शेवटून दुसरी, आणि सगळ्यांच्या मागे तुम्ही, हत्यारांची पिशवी घेऊन, म्हणजे कोणाचं पंक्चर झालं तर मागून तुम्ही येतच आहात. आणि मग मुख्य नियम. "रस्त्यात कोणी कोणाला नावानं हाक मारायची नाही. एक घंटी म्हणजे मी आहे. दोन म्हणजे हळू. तीन म्हणजे थांबा." धाकटा फिटर म्हणाला, "का आप्पा, भुतांना आमची नावं कळतील म्हणून?" तुम्ही म्हणालात, "मेल्या, भुताला तुझं नाव कळून ते काय करणार? रात्री हाक आली की माणूस वळून बघतं, आणि सायकलवर वळून बघितलं की गेलं गटारात." मग माझ्याकडे बघून डोळे मिचकावलेत. "आणि गो, हाक आलीच, तर एकदा आलेलीला ओ द्यायची नाही. ती माणसाची नसते. माणूस असला तर दुसऱ्यांदा मारतो." सगळे हसले. चाचा सगळ्यांत जास्त हसले. आईनं मात्र आतूनच हात जोडले.

आणि ती कानटोपी! तुमची, तपकिरी, लोकरीची, मशीनच्या तेलाचा वास मारणारी. आईनं ती माझ्या डोक्यावर घातली आणि तुम्ही हनुवटीखाली तिचं बटण लावलंत. मी सोळा वर्षांची होते, आप्पा. दोन वेण्या त्या टोपीत कोंबून, नाक तेवढं बाहेर काढून मी सायकलवर बसले आणि फिटर म्हणाला, "अरे वा, मारुतीराय पण येतायत काय?" हातखंब्याच्या चढावर सगळे उतरून सायकली हातात घेऊन चालत होते, तेव्हा मी ती टोपी काढली. तुम्ही मागून आलात. "घाल." मी म्हटलं, "मला थंडी नाही वाजत." "घाल सांगितलं ना." "नाही वाजत आप्पा मला." मग तुमचा आवाज चढला. "ऐकायचं नसेल तर पुढल्या खेपेला घरी बसायचं. गारठ्यानं कान धरला की पंधरा दिवस निस्तरायला तुझी आईच आहे." सगळ्यांसमोर बोललात. चाचांनी उगाच वाकून आपल्या साखळीकडे बघितलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी टोपी घातली. निवळीला हायवे सोडून आपण आतल्या रस्त्याला लागलो, तिथं पाण्यासाठी थांबलो, तेव्हाही ती माझ्या डोक्यावर होती. मग पुन्हा निघालो आणि पुढच्या दोन वळणांत मी ती काढून मागं कॅरियरच्या चिमट्यात अडकवली. गार वारं कानाला लागलं तेव्हा कसलं बरं वाटलं म्हणून सांगू. तुम्ही मागे होतात. मी मनाशी म्हटलं, बघू देत बघायचं तर.

पुढचा रस्ता अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. डावीकडे काजू, उजवीकडे आंब्याची मोठी झाडं, दोन्हींच्या फांद्या वर मिळालेल्या, चांदणं फक्त कुठं कुठं खाली पडलेलं. उतार लागलाय. पायडल मारायला लागत नाही, चाकांची टिकटिक तेवढी ऐकू येतेय. पुढं चाचांच्या सायकलीचा लाल काचेचा तुकडा मधूनच चमकतो. मला इतका आनंद झालाय की मोठ्यानं ओरडावंसं वाटतंय. आमच्या वर्गातल्या एका तरी मुलीनं असं केलंय का? मी एका मोरीवरून जाते, चाकाखाली बारीक खडी करकरते. मागं काहीतरी खडखडतं. मला वाटतं, तुमच्या पिशवीतले पाने-हातोडे वाजले. आणि मग हाक येते. माझं घरातलं नाव, जे तुम्ही आणि आई सोडून कोणी घेत नव्हतं. एकदा. घंटी नाही, नाव! तुम्हीच घातलेला नियम तुम्हीच कसे मोडाल? माझ्या अंगावर काटा आला. मी वळून बघितलं नाही. मी जोरात पायडल मारायला लागले, उतारावरसुद्धा.

जाकादेवीला एका बंद दुकानाच्या पडवीत तुम्ही दर वर्षी चहाला थांबायचात. थर्मास चाचांच्या पिशवीत होता. मी पोचले, सायकल टेकवली आणि पहिलं काम काय केलं असेल, तर कॅरियरवरची टोपी काढून डोक्यावर घातली, बटणसुद्धा लावलं. आता तुम्ही येणार, आणि आल्याबरोबर ओरडणार. पाच मिनिटं गेली. दहा गेली. एक जण म्हणाला, "आप्पा कुठं रवले?" दुसरा म्हणाला, "साखळी उतरली असेल." मग चाचांनी मला विचारलं, "काय गो, घंटी वाजवली काय त्यांनी?" मी म्हटलं, "नाही." ते खरंच होतं. "हाक वगैरे?" मी म्हटलं, "नाही. काही ऐकायला नाही आलं." बस. एवढंच. त्या वेळी मला खोटं बोलल्यासारखंसुद्धा वाटलं नाही, आप्पा. मला वाटलं, आता येतीलच, कशाला उगाच विषय वाढवा. चाचा माझ्याकडे जरा बघत राहिले आणि म्हणाले, "येतील मग." आणि चहा ओतला. आम्ही चहा प्यायलो! तुम्ही तिकडे दगडांत पडलेले आणि मी पडवीत बसून आईनं दिलेले घावणे खाल्ले. हे मला आजही कोणाच्या घरी घावणे वाढले की आठवतं आणि मी ते पानात तसेच ठेवते.

पाऊण तास तरी गेला असेल. मग सगळेच मागं फिरलो. मोरीच्या कडेला चाचांच्या बॅटरीत आधी सायकल दिसली, पुढचं चाक हवेत. तुम्ही खाली कोरड्या ओढ्यात, जांभ्याच्या दगडांवर, एक पाय नको तसा वळलेला आणि उजवा हात अंगाखाली. घंटी तुमच्यापासून दहा हात लांब, वर. वाजवणार कशी? मी हे बघितलं. घंटी का नाही, नाव का, हे मला एका क्षणात कळलं. तुमचे कपडे दवानं भिजले होते. तुम्ही शुद्धीवर होतात. आधी विचारलंत, "पोर कुठंय?" मी खाली उतरून तुमच्याजवळ बसले. तुम्ही डावा हात उचललात, माझ्या कानावर ठेवलात, टोपीवरून. आणि म्हणालात, "टोपी होती ना. तुला कसं ऐकायला येणार."

आता मला सांगा, मी काय समजायचं? तुम्ही माझ्या मागे होतात. निवळीपासून मी उघड्या डोक्यानं चालवत होते, माझ्या दोन वेण्या पाठीवर उडत होत्या, तुम्हाला दिसलंच असणार. म्हणजे तुम्हाला माहीत होतं की माझे कान मोकळे होते, माझ्यापर्यंत हाक पोचली होती. आणि तरी सगळ्यांसमोर तुम्ही मला सोडवलंत. त्या अंधारात, पाय मोडलेला असताना, लेकीची अब्रू झाकलीत. असंच समजले मी. कोणीही असंच समजलं असतं. मी तुमच्या छातीवर डोकं ठेवून रडले आणि तुम्ही मला थोपटत राहिलात आणि मला वाटलं, झालं, आमच्या दोघांत सगळं बोलून झालं.

तुम्हाला चादरीत घालून वर आणलं. जयगडकडून माशांचा टेम्पो आला तेव्हा पहाट व्हायला आली होती. ड्रायव्हर चाचांच्या ओळखीचा निघाला. बर्फाच्या आणि सुरमईच्या टोपल्यांमध्ये तुम्हाला झोपवून रत्नागिरीला आणलं. आईला दवाखान्यात तुम्ही दिसायच्या आधी वास आला आणि ती आधी त्यावरूनच रडायला लागली, संकष्टी करून आलेल्या माणसाला माशांत आणलं म्हणून. डॉक्टर म्हणाले, मांडीचं हाड आहे, रक्त बरंच गेलंय, गारठ्यात पडून राहिले, थोडं आधी आणता आलं असतं तर बरं झालं असतं. 'थोडं आधी' हे दोन शब्द मी दाराशी उभी राहून ऐकले. पाय जुळला, पण आखूड जुळला. लेथपुढं आठ तास उभं राहायचं काम तुमच्यानं होईना. ज्यांच्या हातचा आस अख्ख्या वसाहतीत मागून नेत होते त्या माणसाला गेटवर खुर्ची टाकून बसवलं. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांना तुम्ही हात वर करायचात. मी कॉलेजला जाताना तिथून जायचे. तुम्ही मलाही हात वर करायचात, आणि मी ती पितळी घंटी एकदा वाजवायचे. एक म्हणजे मी आहे.

त्यानंतर पुळ्याची फेरी कोणी काढली नाही. पण तुम्ही दर रविवारी माझ्या सायकलीला तेल घालत राहिलात. घरी कोणी पाहुणा आला की तो किस्सा निघायचा आणि तुम्ही म्हणायचात, "पोरीच्या कानावर टोपी होती हो. मीच दरडावून घालायला लावलेली. नाहीतर माझी पोर तिथल्या तिथं थांबली असती." मी आत विळीवर नारळ खवत असायचे. दर वेळी वाटायचं, काय माणूस आहे हा! पाहुण्यांना सांगतोय, पण मला ऐकवतोय की मी तुला माफ केलंय, विसर आता. माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं. एकदा तर खोबऱ्याबरोबर बोटही खवलं. तुम्ही शेवटचे आजारी होतात तेव्हा तुमचं सगळं मी केलं, माझ्या सासरची माणसं म्हणायची, लेक असावी तर अशी. एका संध्याकाळी मी तुमचे पाय चेपताना त्या आखूड पायावर हात थांबला, आणि म्हटलं, "आप्पा, त्या रात्री..." तुम्ही म्हणालात, "जाऊ दे गो. त्यात तुझं काय?" मला वाटलं, हे पुन्हा माफ करतायत. मी गप्प बसले. किती गोड वाटलं होतं ते मला, मेलीला!

आणि आता हा गुरुवार. चाचा आजारी आहेत असं कळलं म्हणून मी गेले होते. ऐंशीच्या पुढं गेलेत, खाडीकडच्या घरात पलंगावर बसून असतात, नजर गेलीय, पण आवाज तोच. सुनेनं सरबत आणून दिलं, ती आत गेली तसे ते म्हणाले, "दार लोट. एक गोष्ट पोटात आहे, ती घेऊन जायची नाय मला." मला वाटलं, घरातलं काही असेल. ते म्हणाले, "त्या रातीला तुझ्या बापसाची हाक मी ऐकली होती."

मी ग्लास हातात घेऊन तशीच बसले. ते सांगत होते, "मी तुझ्या पुढं, वीसेक हात असेन. तुझं नाव ऐकलं मी, एकदा. भ्यालो गो! अंगणात सगळ्यांत जास्त हसलो होतो ना, तोच सगळ्यांत जास्त भ्यालो. आणि चहाच्या वेळी तू बोललीस की काय ऐकायला नाय आलं, तेव्हा मला वाटलं, मग ती हाक माणसाची नव्हतीच. मी गप चहा ओतला. माझ्यामुळे तो पाऊण तास पडून राहिला." मला ओरडावंसं वाटत होतं, चाचा, थांबा, तुमच्यामुळे नाही! पण मी हातातला ग्लास तेवढा खाली ठेवला. ते म्हणाले, दवाखान्यात चौथ्या दिवशी त्यांनी तुमच्या खाटेशी बसून तुम्हाला हे सांगितलं होतं. मी कसंबसं विचारलं, "आप्पा काय म्हणाले?"

"बोलला, भाई, तू भ्यालास, तुझं काय चुकलं, मीच तशी मस्करी केली होती. पण पोरीच्या कानावर टोपी होती हे देवाचे उपकार. तिनं ऐकून ती पुढं गेली असती ना, तर पायाचं काय नाय, पाय गेला तर गेला, पण ते मला सोसलं नसतं. मी जगलोच नसतो. असं बोलला आणि लहान पोरासारखा रडला. आणि मला शपथ घातली, तिला यातलं काय सांगू नको. भाईला ऐकायला आली आणि मला नाय आली, असं मनाला लावून घेईल. चाळीस वर्षं शपथ पाळली मी. आता मी चाललोय, म्हणून सांगतो. तू मला माफ कर गो."

मी त्या पलंगाची कड धरली, आप्पा. मी म्हटलं, "पण त्यांना दिसलं असेल ना, टोपी मी..." आणि तिथंच थांबले. चाचा म्हणाले, "काय दिसणार? त्या झाडीत? आप्पाला रातीचं धड दिसायचं नाय, म्हणून तर तो मागं राहायचा, पुढच्यांच्या आवाजावर चालवायचा. कोणाला सांगायचा नाय." हे मला माहीत नव्हतं! तुमची मुलगी असून मला माहीत नव्हतं. तुम्ही माझ्या वेण्या बघितल्याच नव्हत्यात. माझ्या कानाला हात लावून तुम्ही बोललात ते मला सोडवायला नाही, तुम्हाला खरंच तसं वाटलं म्हणून. पाहुण्यांना सांगत होतात तेही खरंच. 'त्यात तुझं काय' हेही खरंच. चाचा हात पुढं करून माझा हात शोधत होते. "माफ केलंस काय?" आणि मी म्हटलं, "केलं, चाचा." मी! मी त्यांना माफ केलं! कुठल्या तोंडानं? ते म्हातारं माणूस समाधानानं आडवं झालं आणि मी चपला उलट्यापालट्या घालून बाहेर पडले.

त्यांना खरं सांगायला हवं होतं का? गेले चार दिवस मी हेच घोळवतेय. सांगितलं असतं तर त्यांचं ओझं उतरलं असतं, पण मग तुम्ही ज्यावर जगलात ते त्यांच्यासमोर मोडलं असतं. तुम्ही त्या टोपीवर पुढची सगळी वर्षं काढलीत, आणि मी तुमच्या माफीवर. दोन्ही खोटं. आणि तेही माझ्या एका 'नाही'मुळे. रागही येतो मला, खरं सांगते. तुमचाही येतो. इतका कसला विश्वास टाकायचा लेकीवर? एकदा तरी संशय घ्यायचात, एकदा तरी विचारायचंत, खरं सांग गो, ऐकलं होतंस काय? मी सांगितलं असतं. की नसतं? आता कुठलं कळणार.

हे पत्र मी गॅसच्या पुस्तकात घडी करून ठेवणार आहे, आमचे हे तिथं कधी हात घालत नाहीत. फाडीन पुढं कधीतरी. पण बंद करायच्या आधी एक राहिलंय. मघाशी वर मी लिहिलं की हाक एकदा आली आणि मी भ्याले. इथं, जिथं कोणी वाचणारसुद्धा नाही, तिथंही मी तेच लिहिलं बघा. चाचा पुढं होते, त्यांना एकच पोचली. मला दोन पोचल्या. पहिलीला मी भ्याले हे खरं आहे. दुसरी आली तेव्हा मी भ्याले नव्हते, आप्पा. तुम्हीच आहात हे मला चांगलं कळलं होतं. मला वाटलं, टोपी काढलेली बघितलीत आणि त्यावरून पुन्हा ओरडताय.